सासूबाईंचं पुस्तक आणि तीनशेचा आकडा

३ मार्च
वीस तारखेला सासूबाईंची पंच्याहत्तरी. आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते मेहुण्याने ठरवलं. डॉक्टर त्याचा, गाडी त्याची, मिरवणंही त्याचंच. ठीक आहे. डोळे तो देईल, बघायला मी देईन. घरातल्या सगळ्या फोटोंचं पुस्तक काढणार! पहिल्या पानावर सासरे. ते गेल्यावर सासूबाई अल्बमला नाक लावून त्यांचा फोटो शोधायच्या. मग दिसेनासंच झालं, तेव्हा अल्बम माळ्यावर ठेवायला सांगितला. आता त्यांचं पहिलं दर्शन माझ्या पुस्तकात.

५ मार्च
ही म्हणते, माळ्यावरचा अल्बम काढा आणि नीट स्कॅन करा. माळा उंच, माझी पाठ नाजूक. शिवाय सगळे फोटो फॅमिली ग्रुपवर आहेतच. फॉरवर्ड होऊन होऊन जरा मऊ झालेत, एवढंच.

८ मार्च
पीडीएफ प्रेसला पाठवली. मोबाइलवर अप्रतिम दिसते.

९ मार्च, सकाळ
प्रेसच्या बाईंचा फोन. त्यांनी पीडीएफ आतून तपासली म्हणे. वंशावळ व्हेक्टर आहे, म्हणजे रेघांनी काढलेली. कितीही मोठी केली तरी बिघडत नाही. मजकूर ठीक. पण फोटो बहात्तर डीपीआयचे, म्हणजे इंचाला बहात्तर ठिपके; छपाईला तीनशे लागतात. पास झालेला फोटो एकच: शेवटच्या पानावरचा माझा, संकलक म्हणून. स्टुडिओत काढून घेतला होता. दूरदृष्टी!

दुपार
मूळ रोग कळला. एका पुस्तकात इतके प्रकार म्हणजे शिस्तच नाही. सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घेतले. आता मजकूर, वंशावळ, फोटो, सगळं एकाच जातीचं. माझं पान तेवढं तसंच ठेवलं. चांगल्याला कशाला हात लावा?

११ मार्च
एका सॉफ्टवेअरमध्ये बहात्तरचा चौकोन सापडला. तिथे तीनशे टाइप केलं, प्रेसला पुन्हा पाठवलं. झालं. लोक यासाठी कोर्स करतात.

१२ मार्च
बाई म्हणाल्या, आकडा तीनशे येतोय खरा, पण चित्र काही तीनशेचं वाटत नाही; एकदा नमुन्याचं पान बघून जा. मेहुणा म्हणाला, मी जाऊ का? त्याने ऑपरेशनकडे बघावं. बाईंना कळवलं, छापा.

१९ मार्च
ऑपरेशन उत्तम झालं म्हणे. सगळे मेहुण्याचं कौतुक करतायत. करू देत. उद्या आहेच.

२० मार्च, दुपार
दवाखान्यात पट्टी निघाली. गाडीत सासूबाईंना डोळे मिटून बसायला लावलं. आधी पुस्तकच बघायचं, हा माझा हट्ट. घरी आल्या, डोळे उघडले, पहिलं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिल्या. पान जवळ नेलं, लांब धरलं. मग म्हणाल्या, यांचा चेहरा कुठे गेला? पुढची पानं उलटली. अक्षरंसुद्धा पाण्यात भिजल्यासारखी. ऑपरेशन फसलं म्हणून रडायलाच लागल्या. मेहुणा पांढराफटक. तेवढ्यात शेवटचं पान आलं. त्या म्हणाल्या, जावई तेवढे लख्ख दिसतात, मिशीतला पांढरा केससुद्धा! आणि आणखीनच रडल्या.
मी म्हणालो, डॉक्टर जरा विचारून निवडायला हवा होता. म्हटलं आणि जीभ चावली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळ
सगळे पुन्हा दवाखान्यात. सासूबाईंनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. खाली छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही वाचलं. डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, हे कोणी केलं? सासूबाईंनी शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.
मेहुणा हसलासुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

२१ मार्च
माळ्यावर चढलो. पाठीला काहीही झालं नाही. खाली स्टूल धरून सासूबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, जपून हो, तुमच्या बनियनला मागे मोठं भोक आहे.
अल्बम सापडला. सासऱ्यांच्या फोटोवरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाल्या, हो, हे असेच दिसायचे.

२२ मार्च
पुस्तक पुन्हा छापायचंय. स्कॅनिंग मेहुणा करणार, प्रेसमध्ये नमुना बघणार ही. माझ्याकडे स्कॅन करण्याआधी फोटोंवरची धूळ पुसायचं काम आहे. एकूण सगळं माझ्यावरच अवलंबून.