राखणदाराचा मान

२ नोव्हेंबर १९५९, सोमवार. रात्री.
परळ. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत शाळेसमोर पानवाल्याकडे उभा होतो. सुपारी घेतली, खाल्ली नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले होते, दारू सोडलेली माणसे दर सोमवारी सातला इथे जमतात. वर दिवा दिसत होता. दारूबंदी असताना ‘मी पितो’ असे परक्यांपुढे सांगायचे, आणि त्यातला एखादा पोलीस निघाला तर?
शेवटी गेलो. दोनच माणसे. बाके पहिलीच्या मुलांची, गुडघे मावत नाहीत. वयस्कर फर्नांडिस इंग्रजीत बोलले. दुसरे प्रधान, गिरगावचे, पूर्वी मोठ्या कचेरीत होते, ते मला मराठीत सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितले, पुढे सुचेना. प्रधान म्हणाले, “घाई नाही. मीही पहिल्यांदा भिंतीवरचे पाढेच वाचत बसलो होतो.”

४ नोव्हें.
लालबागच्या खोलीत आम्ही एका गावचे वीसेक जण, पाळीपाळीने झोपतो. बोलायला कोणी नाही. भाऊकाकांनी (वडिलांचे थोरले बंधू, मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर) विचारले, “सोमवारी खंय गेल्लंस?” सभेला, म्हटले. सध्या सगळेच सभांना जातात, मुंबई मिळणार म्हणतात. काका खूश. “कोण बोललो?”
“दोघे बोलले.” हे खोटे नाही.

९ नोव्हें.
आज बोललो. काय ते इथे लिहीत नाही. प्रधान खाली बघत होते. फर्नांडिसना किती कळले कोण जाणे, पण संपल्यावर म्हणाले, “बरा केला.” त्यांच्या तोंडून मराठी प्रथमच ऐकली. परत येताना परळ ते लालबाग चालत. वाटेत कोणी ओळखीचे भेटू नये वाटत होते, आणि कोणी भेटले नाही याचे वाईटही.

१५ नोव्हें., रविवार
भाऊकाकांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितले. मी इस्पितळात पडून होतो तेव्हा ते गावच्या राखणदाराला नवस बोलले होते: झील (पोरगा) दारूतून सुटला तर तुला दारूची एक बाटली आणि कोंबा (कोंबडा).
“तेनां तुका सोडवल्यान. आता तेचो मान तेका व्हयो. अवसेक देवया.”
गाव लांब, म्हणून चाळीमागच्या पिंपळाखालीच द्यायचे. रीत अशी की ज्याच्यासाठी नवस, त्यानेच आपल्या हाताने ओतायचे. उरलेले तीर्थ म्हणून तळहातावर घेऊन प्यायचे. न घेऊन कसे चालेल, सगळे म्हणाले. आणायची कोणी?
“तूच हाड. जागो तुका म्हायती.”
सगळे हसले. काकाही. त्यात वाईट हेतू नव्हता.
सोमवारी त्या खोलीत गेलो म्हणून सुटलो, असे सांगावेसे वाटले. पण मग काकांचा नवस खोटा पडतो. माझ्यासाठी त्यांनी महिनाभर मासे खाल्ले नव्हते.

१६ नोव्हें.
दोघांना विचारले. फर्नांडिस लगेच म्हणाले, थेंबसुद्धा नाही. प्रधानांना राखणदार कोण तेच ठाऊक नव्हते, गावाची सीमा राखणारा देव, म्हणून सांगितले.
“त्याला चहा चालत नाही का हो?”
“साखर कमी असली तर रागावेल,” मी म्हटले. त्या खोलीत तिघेही प्रथमच हसलो. मग प्रधान गंभीर झाले. “अवस कधी?”
“सोमवारी. तीस तारखेला.”
“मग सातला इथे या. आधी इथे.”
त्या शब्दावर आता दोन आठवडे काढायचे.

२३ नोव्हें.
फर्नांडिस आजारी, वसईला मुलीकडे गेले. प्रधान उशिरा आले. तोंडाला लवंगेचा वास. तो वास कसला वास झाकायला असतो ते मला माहीत आहे. विचारायला हवे होते. त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. “तुम्ही वेळेवर येता. तुमच्याकडे असू द्या.” नीट बघितले नाही माझ्याकडे.
इतके दिवस मला वाटत होते, ते काठावर उभे आहेत आणि मी पाण्यात.

३० नोव्हें., सोमवार, अमावस्या
दुपारी कामाच्या वखारीतून सुटी मागून रे रोडच्या, पूर्वी पीत बसायचो त्याच पडवीत गेलो. दारू विकणारी म्हातारी म्हणाली, “खूप दिवसांनी रे.” बसायला पाट सरकवला. बसलो नाही. पाय मात्र पाटाकडेच वळत होते.
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली.
सहाला किल्लीने खोली उघडली. दिवा लावला. सातला कोणी नाही. साडेसातलाही नाही. एकटाच असलो तरी तास पुरा बसायचे, हा फर्नांडिसचा नियम. मोठ्याने नाव सांगितले. मी पितो, म्हटले. बाके ऐकत होती.
पिशवी दाराबाहेर ठेवली होती. कोणी नेईल म्हणून आत घेतली. आता पायाशी आहे.
चाळीमागच्या पिंपळाखाली भाऊकाका कोंबा धरून उभे असतील, सगळे माझी वाट बघत. आणि गिरगावात प्रधान एकटे असतील. पत्ता त्यांनी दिला होता, ‘केव्हाही या’ म्हणाले होते. पण हातात ही पिशवी घेऊन?
आठ वाजायला आले. दिवा मालवायचा आहे.
खर्च: बाटली दोन रु. (काकांचे), बस दहा नवे पैसे.
देणे: राखणदाराचे, एक बाटली. बूच अजून काढलेले नाही.