कॉलेज क्रीडा पत्रकारितेचं उज्ज्वल भवितव्य

३ जानेवारी, सकाळी
यंदा क्रीडा संपादक व्हायचंच. सध्याचे फेब्रुवारीअखेर निवृत्त होताहेत. मागे उरतो कोण? मी आणि क्रिकेटवाला. बास्केटबॉलच्या संघात खेळाडू किती, हे तो अजून मलाच विचारतो. मी अर्धं आयुष्य कॉलेजांच्या मैदानांवर काढलंय. प्रत्येक कोच मला चहाला थांबवतो. बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, आधी गॅस बंद कर, दूध उतू जातंय.

९ जानेवारी
साहेबांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, बोलावलं. कॉलेज क्रीडाचं अर्धं पान गेलं. आता फक्त एक कॉलम, तोही हवामानाशेजारी. क्रिकेटवाला गालातल्या गालात हसला. हसू दे. अर्धं पान कोणीही भरेल, एका कॉलमात जीव ओतायला लेखणीत दम लागतो. शिवाय हवामान सगळेच वाचतात. तिथून नजर घसरली की थेट माझ्यावर.

१७ जानेवारी
मुलींच्या बास्केटबॉलची फायनल. प्रेसचं टेबल गायब. म्हणजे टेबल होतं, पण त्यावर कॉलेजच्या पोरांनी मोबाइल लावून सामना लाइव्ह सुरू केला होता. मी पाण्याच्या पिंपाशेजारी बसलो. तिथून जास्त चांगलं दिसतं. निम्मंच कोर्ट दिसतं, पण चांगलं दिसतं. सामना संपला तसा निकाल सगळ्यांच्या फोनवर. असू दे. निकाल म्हणजे काही बातमी नव्हे. हरलेल्या कॅप्टनने आधी समोरच्या टीममधल्या पोरीच्या घोट्याला बर्फ लावला, मग ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडली. हे आलं का कुणाच्या फोनवर? मी लिहिलं.

१८ जानेवारी
बातमी छापून आली. बायकोने दोनदा वाचली. छान आहे म्हणाली, पण जिंकलं कोण? शेवटचा परिच्छेद डेस्कने कापलाय. निकाल त्यातच होता. असले लोक बसवलेत डेस्कवर.
दुपारी त्या कॅप्टनच्या वडिलांचा फोन. बातमी पोरीने कपाटाला आतून चिकटवलीय म्हणे. हे क्रिकेटवाल्याला ऐकू जावं म्हणून मी फोनवर जरा मोठ्यानेच बोललो. त्याच्या कानात इअरफोन होते.

२ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. म्हणाला, "भावोजी, कॉलेजच्या सगळ्या कोचना तुम्ही ओळखता. या ना दुकानात." मी स्पष्ट सांगितलं, लेखणी धरणारा हात रॅकेटला तार ओढणार नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, विचार तर कर. हिला माझं बढतीचं ठाऊक असूनही!

१४ फेब्रुवारी
महत्त्वाचा दिवस. साहेबांनी पुन्हा बोलावलं. स्वतः उठून दार लावलं. कॉफी मागवली. आजवर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. बराच वेळ खिडकीकडे बघून बोलत होते. वाचकांच्या सवयी, घटलेल्या जाहिराती, बदललेले दिवस. मग म्हणाले, "एक तारखेपासून तुम्ही मोकळे."
अखेर कुणीतरी मला ओळखलं. रोजची हजेरी नाही, डेस्कची कात्री नाही. मोकळेपणाने हिंडायचं आणि लिहायचं. मी मनापासून आभार मानले. ते गडबडले. माझा हात बराच वेळ सोडेनात. क्रीडा संपादकपदाचं विचारलं, तर म्हणाले ते पदच आता राहणार नाही. बरंच झालं. मला डावललं असं म्हणायची कुणाची सोय राहिली नाही.
बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यांचे नेमके शब्द काय होते, असं विचारलं. मी सांगितले. ती घरखर्चाची वही काढून बसली. आनंदाने असेल.

२१ फेब्रुवारी
पत्रकारिता शिकवणाऱ्या एका कॉलेजकडून बोलावणं. विषय: कॉलेज क्रीडा पत्रकारितेत करिअर. योग्य माणूस निवडलाय. क्रिकेटवाल्याला विचारलं नाही ना, याची मी खात्री करून घेतली. विचारलं होतं. त्याला वेळ नव्हता.

१ मार्च
मोकळेपणाचा पहिला दिवस आणि व्याख्यान. हॉल खच्चून भरलेला. हजेरी लागणार होती, हे नंतर कळलं. पण मी गाजवलं. पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीने उभं राहून विचारलं, "सर, खरं सांगा. या कामाला भविष्य आहे?"
मी म्हणालो, "निकाल मशीनसुद्धा सांगेल. हरल्यावर कोण कसं उभं राहिलं, ते सांगायला माणूसच लागतो."
टाळ्या. मुलगी खाली मान घालून भराभर लिहीत होती. म्हणाली, कॉलेजच्या वेबसाइटवर बातमी देणार आहे.

२ मार्च, संध्याकाळी
बातमी आली. फोटो बरा. माझी वाक्यं अचूक. भाषा स्वच्छ. मथळा: 'माजी क्रीडा पत्रकाराचं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन'.
ताबडतोब त्या मुलीला फोन केला. चांगलंच फैलावर घेतलं. माजी कोण? असल्या चुका करून पत्रकार होणार का? तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सर, तुमचं पद नीट लिहावं म्हणून मी ऑफिसात फोन केला होता. तुम्हाला चौदा तारखेलाच सांगितलंय म्हणाले." आणि विचारलं, मथळा बदलू का?
मी म्हणालो, नको. बातमी बरोबर आहे.
बायकोने ती माझ्याआधीच वाचली होती. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून विचारलं, उद्या दुकानात न्यायला डबा करायचा का?
म्हटलं, कर.