गयाबाईचा अंगठा

२ ऑगस्ट, सोमवार

विहारात प्रौढ वर्ग आजपासून सुरू. संध्याकाळी सहा ते सात. अकरा बाया आल्या. नावं लिहून घेत होते. सातवी म्हणाली, "गयाबाई कांबळे. भावाकडं असते."

मान वर केली. हनुवटीवर तोच व्रण, दहा वर्षांपूर्वी पाहिलेला.

तिनं मला ओळखलं नाही. कशी ओळखणार. तेव्हा मी एकोणीसची, दोन वेण्यांची, मुकादमाची कुसुम. आता निलंग्याच्या शाळेतली बाई. पुढची चार नावं कशी लिहिली, देव जाणे. घरी येऊन दोन भाकरी करपवल्या.

५ ऑगस्ट, गुरुवार

लिहूनच टाकते. ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. सरकारी खडीचं काम. माझे वडील, बापू, तिथं मुकादम. बाया खडी फोडायच्या, त्यांची लहान लेकरं गोणपाटाच्या सावलीत, अन् त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. मला मजुरी मिळायची ती त्याचीच. एका दुपारी झोप लागली. गयाची रमा, दोन वर्षांची, टँकरच्या हौदात पडली. घोटभर पाण्यासाठी माणसं भांडत होती तिथं, अन् लेकरू पाण्यात गेलं.

चौकशीला साहेब आले. बापूंनी सांगितलं, आईच पोरीला घेऊन गेली, हौदाजवळ ठेवून विसरली. साहेबांनी मला विचारलं, खरं का?

मी हो म्हणाले.

कागदावर गयाचा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही. नवऱ्यानं त्याच आठवड्यात तिला घराबाहेर काढलं. आठ वर्षांचा मुलगा मात्र ठेवून घेतला.

बापू गेले. जाईपर्यंत आम्ही दोघंही या विषयावर बोललो नाही.

९ ऑगस्ट, सोमवार

सगळ्यांना आपापलं नाव गिरवायला दिलं. गयानं पाटी परत केली. "बाई, माझं नाव मागून. आधी रमा लिवून द्या."

कोण रमा, असं मी विचारलं. माझ्या तोंडानं विचारलं.

मग ती सांगत बसली. "दुपारी पाजायला गेलते. परत सावलीत ठिवली का हाताला धरून संगं नेली, आता काय बी आठवंना. तवा मी न्हाई नेली म्हणून लई वरडले. पण कागदावर तसंच हाय म्हणले. अंगठा बी माझाच. मग वाटाया लागलं, आपणच नेली आसंल. आईच अशी, तर कुणाला काय बोलावं."

दहा वर्षं ती स्वतःलाच गुन्हेगार समजायली. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती मला शिव्या देत असेल. तेच बरं होतं.

पाटीवर रमा लिहून दिलं. अक्षर वाकडं आलं.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

उपास. सासूबाई भगर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दरसाल माहूरला अनवाणी चढतीस. उपास सोडीत न्हाईस. काय मागतीस गं एवढं रेणुकेला?"

"माफी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. कशाची, ते विचारलं नाही. म्हणाल्या, "आई लेकराला दारात उभं ठिवती का दहा साल? तिनं कवाच दिली आसंल. तूच घेईनास. अन् दुसऱ्या कुणाचं काही आसंल तुझ्याकडं, तर ते देवीला सांगून भागत न्हाई."

पाय सोलवटले की मला बरं वाटायचं. शिक्षा झाली असं वाटायचं. खरं म्हणजे पायऱ्या चढणं सोपं होतं. गया पायऱ्यांवर नव्हती.

१७ ऑगस्ट, मंगळवार

लातूर आता वेगळा जिल्हा. हेडमास्तरांनी दिवसभर कोऱ्या दाखल्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहायला लावलं. पेढे वाटले. पाऊस मात्र नाही. ज्वारी पिवळी पडायली.

चहाच्या वेळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. मग, "दहा वर्षं झाली. कामून उकरायलीस? नोकरीवर येईल. सुमीचं काय?"

सुमी चार वर्षांची. तिला मी ओट्याखाली उतरू देत नाही. शेजारच्या लेकरांत नाही, विहिरीकडं तर नाहीच. ती ओट्यावरूनच बघत असते. म्हटलं, सुमीचं काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही का.

 ड्युटीला निघताना हे म्हणाले, "तुला जमंल तसं कर."

१९ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, गयाबाई, मी मुकादमाची कुसुम. तुम्ही रमाला नेलं नव्हतं. पाजून सावलीत ठेवून गेलात. मग मला झोप लागली. साहेबांपुढं खोटं बोलले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग, "ठिवली व्हती मी?"

"ठेवली होती. माझ्या शेजारी. अंगावर पदराचा तुकडा टाकला होता तुम्ही."

"हिरवा?"

"हिरवा."

ती खाली बसली. रडली नाही. मी पाय धरायला वाकले तर पाय मागं घेतले. "हात लावू नका." पाटी तिथंच टाकून गेली.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

२३ ऑगस्ट, सोमवार

गया वर्गाला नाही. बाकीच्या बाया बाराखडीवर आल्या.

२६ ऑगस्ट, गुरुवार

आली. भिंतीला टेकून उभी राहिली. बाया गेल्यावर म्हणाली, "माझा विलास धर्माबादला मिरचीची पोती उचलतो. बाप मेला. तरी मला बघाया तयार न्हाई. बहिणीला मारलीस म्हणतो. त्याला जाऊन सांगा."

"तुम्ही पण चला."

"मी न्हाई. मी दहा साल ऐकून घेतलं. आता तुमी सांगा."

२९ ऑगस्ट, रविवार

पहाटेच्या गाडीनं उदगीर, देगलूर करत धर्माबाद. हे सोबत आले. येतो म्हणाले नव्हते, नुसते गाडीत येऊन बसले.

बाजारात मिरचीचा ठसका. विलास अठराचा, हनुवटी आईची. पोत्यावर बसवून सगळं सांगितलं. शिव्या देईल, मारेल, असं वाटत होतं. त्यानं विचारलं, "लेखी देता का?"

हमालाकडून कागद मागवला. मी लिहिलं, खाली सही केली, आताचं आणि माहेरचं, दोन्ही नावं घातली. त्यानं ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. "मी लहान असताना ती एकदा आलती भेटाया. दगड मारला मी तिला."

 त्यानं कागद खिशात घातला आणि पोतं पाठीवर घेतलं.

ह्यांनी विचारलं, "आईला काय सांगू?" त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

३१ ऑगस्ट, मंगळवार

गयाला सगळं सांगितलं. दगडाचंसुद्धा. म्हणाली, "लेकरूच व्हतं."

मग मला, "बाई, तुमाला माफ केलं आसं मी म्हणणार न्हाई. आज तरी न्हाई. उद्याचं ठाऊक न्हाई. पण गुरुवारी येते. माझं नाव राहिलंय."

घरी येऊन देव्हाऱ्यापुढं बसले. सवयीनं माफ कर म्हणायला तोंड उघडलं अन् थांबले. ती देत असेल अन् मी घेत नसेन, तर परत परत मागून काय. ओंजळ केली, मांडीवर ठेवली. गयानं नाही दिली तोवर देवीची घ्यायची का, हे कोणाला विचारावं. सासूबाई मागं उभ्या होत्या.

बाहेरून सुमीचा आवाज आला, खाली उतरू का? मी ओंजळ तशीच ठेवून म्हटलं, उतर. मग उठून दारात जाऊन उभी राहिले.