केरबाच्या रश्श्यातली साखर

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
वाचनालयातला कथासंग्रह संपला. साधीसुधी माणसं, पण चहा पिता पिता दुसऱ्याचं काळीज कुरतडतात. अंगावर काटा आला. हे मलाही जमेल. रिटायर झाल्यापासून हात शिवशिवतायत.
संकल्प : आमच्या रस्सा मंडळातल्या प्रत्येकाच्या पोटातला क्रूरपणा हुडकायचा. रोज दोन पानं.

दुपारी ४.
उचगावच्या मळ्यात मंडळ जमलं. मटण फक्कड. निरीक्षण : हंबीररावानं स्वतःच्या ताटातली नळी दुसऱ्याला दिली. धैर्यशीलनं न सांगता भांडी घासली. क्रूरपणा शून्य. शेवटी कंटाळून केरबाचा किस्सा सांगितला. बारा वर्षांपूर्वी त्यानं पांढऱ्या रश्श्यात मिठाऐवजी साखर घातली होती. तेव्हापासून त्याला चुलीजवळ येऊ देत नाही, कांदा चिरतो. दर रविवारी हा किस्सा होतो. आज हसले कमी. ऊन फार होतं.
केरबा म्हणाला, ‘बास की आता, बाळासो. लेकीचं लगीन ठरतंय.’ लाजतो बिचारा.

४ फेब्रुवारी, बुधवार.
पानं शून्य. पेन खराब.
संध्याकाळी केरबाच्या स्नेहलची सुपारी फुटली. मुरगूडचे पाहुणे गप्प गप्प होते, म्हणून साखरेचा किस्सा सांगून बैठक खुलवली. नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं, ‘पोरीला तरी सैपाक येतोय न्हवं?’ हशाच हशा. केरबा पाणी आणायला आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार.
कथा एका बैठकीत लिहून झाली! एक माणूस मित्राची जुनी चूक वर्षानुवर्षं चारचौघांत उगाळत बसतो. भयंकर पात्र. संपूर्ण काल्पनिक. बायकोला, नंदिनीला वाचून दाखवली. म्हणाली, ‘अहो, हे तुम्हीच.’ तिला साहित्यातलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार.
मंडळात कथावाचन. हंबीरराव चपलेकडं बघत होता. केरबा जेवायच्या आधीच उठून गेला. कथा भिडली म्हणायची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
स्नेहलची पत्रिका आली. वर फक्त ‘सौ. नंदिनीवहिनी’. श्री. नाही, परिवार नाही. केरबाला फोन केला, उचलला नाही. लग्नाची गडबड असणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.
नंदिनी पैठणी नेसून एकटीच गेली.
बरं झालं, खरं क्रूर पात्र आज सापडलं. केरबा! बारा वर्षं गप्प राहिला आणि एका पत्रिकेत माझा काटा काढला. लिहायला बसलो. एक ओळ लिहिली, खोडली. एव्हाना अक्षता पडल्या असतील. स्नेहलच्या बारशाला तिला मांडीवर घेऊन मीच बसलो होतो. फार वाईट वाटतंय.

१.३०.
हंबीररावाचा फोन. बोलावणं आलं असं समजून उठून शर्ट बदलायला लागलो. तो मांडवातून विचारत होता, मंडळाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण कुठं ठेवलंय.
सांगितलं.