डागाचा खिसा

तीर्थरूप ताई,

दोन्ही (हल्ली दुरंगी) हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं दुसऱ्या खोलीत हलवलंस की अजून सोसतेयस? आम्ही मजेत.

'लेकीच्या लग्नात फोटोला पुढे उभं राहायचं तर तोवर हातावरचं कोड घालव, नाहीतर हे हातमोजे घाल,' असं लिहून पाठवलेलं तुझं औषधांचं खोकं पोचलं. मोजे ठेवले बाजूला आणि तीन महिने इमानेइतबारे औषधांना लागलो. सकाळी व्हिटॅमिनच्या चार गोळ्या, दुपारी हिरवी पूड (गवतासारखी लागते म्हणणार होतो, पण गवताची उगाच बदनामी नको), संध्याकाळी काढा. पोटाने असा दंगा मांडला की गिऱ्हाइकाची कंबर मोजता मोजता टेप त्याच्याच हातात देऊन पळालो. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, रक्तात काही कमी असेल तर ते मी देईन, पण या पुडीने डाग जातातच असं कुणी छातीठोक सांगू नये. आधी ती बंद करा.

पण मी पडलो शिंपी, मापावाचून माझा विश्वास बसत नाही. डाव्या पंजावरचा डाग दर रविवारी खाकी कागदावर उतरवून कापायचो. (बारा कागद झाले. एकावर एक ठेवले तर दोऱ्याएवढा फरक नाही.) टांगायचो मात्र खिसे कापायच्या कागदी नमुन्यांच्याच खुंटीला. हिने त्यातलाच एक ओढला आणि बँडमास्तरांच्या कोटाचा खिसा कापला! वर फुगीर, खाली शेपूट. त्यांनी कोट चढवला, आरशात पाहिलं. ते म्हणाले, "झकास! सगळ्यांना हाच लावा." आता सोळा माणसं माझा डाग छातीवर मिरवत बाजा वाजवतात.

ताई, मोजे पाहून वाईट वाटलं होतं गं. लहानपणी मला कुणी चिडवलं तर तूच भांडायला जायचीस.

तुझा धाकटा

ता. क. मोजे परत पाठवतोय, भाऊजींना थंडीत होतील. फोटोत मला भाचीशेजारी उघड्या हातांनी उभं राहायचंय. हो म्हण.

आणखी एक. भाची परवा दुकानात आली होती. लग्नातल्या तिच्या कोटाला तिने तोच खिसा लावून घेतलाय. तेव्हा माझा डाग झाकायचा तर आधी नवरीला झाकावं लागेल.