घाटातल्या अस्वलाची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मान वळत नाही म्हणून कागदावरूनच घालते, मानेचं कारण पुढे येईल). भाऊजींचा रक्तदाब, तुझी टाच आणि मांजरीचं पोट कसं आहे ते कळव. आम्ही तिघंही धडधाकट आहोत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

पत्र लिहायचं कारण असं, की आत्या तुझ्याकडे शनिवारी पोचायची होती आणि आज गुरुवार उजाडला. तू तिच्यासाठी खोली रंगवून, खिडकीला जाळी बसवून वाट बघत असशील आणि आम्ही तिला मुद्दाम ठेवून घेतलंय असं तुझ्या मनात आलं असेल (तुझ्या मनात काय काय येतं ते मी लहानपणापासून ओळखून आहे). तसं काही नाही. आम्ही डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या विश्रामगृहात अडकलोय, आणि इथे फोनला रेंज नाही.

घाटरस्त्याची कल्पना ह्यांची. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. नकाशावर जो रस्ता जास्तीत जास्त वेडावाकडा दिसतो तोच त्यांना रमणीय वाटतो. गाडी अर्थात मी चालवत होते, कारण ह्यांना येत नाही आणि मला येते (वर्ष होईल आता, आणि खांब सोडला तर कशालाही धक्का लागलेला नाही). उद्यानाच्या फाटकावरच्या रखवालदाराने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सावकाश जा हं बाई." मी म्हटलं, "मला दुसरं येतच नाही." त्याने एक सूचनापत्रक दिलं, ते ह्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. त्यात होतं, की रस्त्यात अस्वल दिसल्यास गाडीतच थांबावे, हॉर्न वाजवू नये, ते आपणहून निघून जाते.

सहा वळणं होईपर्यंत नुसता पाऊस होता. सातव्यापासून धुकं आलं, आणि पाऊस आडवा झाला. काच म्हणजे दुधात बुडवल्यासारखी. मी मुळीच घाबरले नाही. मागे एकामागून एक अशा सात गाड्या जमल्या होत्या, कारण मला ओलांडायची कुणाची छाती होत नव्हती (ह्यांचं म्हणणं, जागा होत नव्हती). मला तर एखाद्या मिरवणुकीचं नेतृत्व केल्यासारखं वाटत होतं. आणि एका वळणावर समोर, रस्त्याच्या मधोमध, अस्वल बसलेलं!

मी ब्रेक दाबला. चांगलं मोठं होतं, पाठ आमच्याकडे, अंगावर ओले केस. ह्यांनी पत्रक पुन्हा वाचलं. मी हॉर्नवरून हात काढून मांडीवर ठेवले. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "अगं, दगड आहे तो." आता तूच सांग, चष्म्यांचं दुकान माझं, गेल्या महिन्यात तिचे डोळे मीच तपासलेले, आणि तक्त्यावरची चौथी ओळ तिला वाचता आली नव्हती. मी म्हटलं, "आत्या, तू स्वस्थ बस. श्वास घेतंय ते." हे पण म्हणाले, "पोट हलतंय." (हलत होतं ते धुकं, पण हे नंतर कळलं.)

आमच्या लगेच मागे मधमाश्यांच्या पेट्या नेणारा एक जण होता. तो वाकून वाकून आला आणि काचेशी कुजबुजला, "माझ्या गाडीत मध आहे हो!" त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. ह्यांनी त्याला पत्रकातली ओळ दाखवली आणि गाडीत परत पाठवलं. अशी आम्ही आठ गाड्यांनी मिळून त्या अस्वलाची पस्तीस मिनिटं अदब राखली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी आत्याचा संयम सुटला. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत एकोणऐंशी वर्षांची ही बाई दार उघडून, छत्री घेऊन खाली उतरली, तरातरा चालत गेली आणि अस्वलाच्या पाठीत छत्रीचं टोक मारलं. टक्, असा आवाज आला. केस म्हणजे शेवाळ होतं, ताई. ह्यांनी तेहतीस वर्षं मुलांना खडकांचे प्रकार शिकवले आहेत, तेव्हा त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवलं.

आणि तेवढ्यात पुढच्या वळणापलीकडे मोठ्ठा घरघराट झाला. आधी वाटलं, ढग. पण तो थांबेना. धुक्यातून मातीचा वास आला, एक अख्खं झाड मुळं वर करून घसरत गेलेलं दिसलं, आणि आम्ही ज्या रस्त्याने पाच मिनिटांत जाणार होतो तो रस्ता दरीत गेला. पाच मिनिटं आधी निघालो असतो तर... ते मी लिहीत नाही, तूही मनात आणू नकोस.

आत्या परत आली. छत्री मिटली, दार लावलं, आणि म्हणाली, "मागे घे."

ताई, मला मागे घेता येत नाही. लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी साहेबांना शिंक आली होती, तेवढ्यात मी पास झाले. वळायला जागा एक किलोमीटर मागे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मागच्या सातही गाड्या एकेक करून मागे सरकायला लागल्या होत्या. मला मागचा गिअरच सापडेना. तेव्हा आत्या मागच्या काचेकडे तोंड करून सीटवर गुडघे टेकून बसली, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं वापरलेला आवाज लावला. "थोडं डावीकडे. पुरे. होल्ड करा. आता सरळ. बोलते आहे मी, लाइन चालू आहे." मी मान वळवून फक्त त्या आवाजावर गाडी चालवली. हे माझा खांदा धरून बसले होते. एक किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. तिथे पोचल्यावर मधवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, आणि मी त्याला धीर दिला. वनरक्षक जीप घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांना गाड्यांसकट विश्रामगृहात घेऊन आले.

तर असं आहे. रस्ता मोकळा होईपर्यंत निघता येत नाही. आत्या मजेत आहे, वनरक्षकांना पत्त्यात रोज हरवते. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. रस्ता बंद असताना हे पत्र तुझ्यापर्यंत आलं कसं, हे तुझ्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगते. रस्ता मंगळवारीच सुरू झाला. टपालाची गाडी दिवसातून दोनदा जाते. मधवालासुद्धा गेला.

ता. क. २. वर मुळीच घाबरले नाही असं लिहिलंय, ते तसंच राहू दे. पण मी रोज किल्ली घेऊन गाडीपर्यंत जाते आणि तशीच परत येते. ह्यांना आणि आत्याला मी सांगितलंय की गाडीचा एक भाग मागवलाय. तेव्हा भाऊजींना रविवारच्या आत पाठव. त्यांनी आल्यावर बॉनेट उघडून दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने आत बघावं, "झालं" म्हणावं आणि गाडी चालवायला बसावं. बाकी काही नको.

ता. क. ३. काल आत्याने विचारलं, "कुठला गं भाग?" मी म्हटलं, "मधला." ती म्हणाली, "मधला यायला वेळ लागतोच," आणि पत्ते पिसायला लागली.