निकिताताईचा रिकामा डबा

हैदराबाद

आई, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. तुहा गुडघा कसा हाय? इथं विमानं पाह्यनारे माहे दोस्त भेटले. एकजन तं नुसत्या आवाजावरून विमान वळखते. तू हसशीन, पन उन्हात मान वर करून आमी लय खुश होतो.

मंग ताईकडं गेलो. "मजेत हाय," म्हने. भाऊजी तिच्या बाजूलेच बसून होते, तिथून हाललेच नाही.

निघताना ताईनं तुह्या कुरडयांचा डबा परत देल्ला. रस्त्यात उघडला, तं रिकामा. चिमूटभर साखरही नाही. आई, डबा रिकामा परत करू नये, हे तूच तिले शिकवलं ना? ते ताई कशी विसरन?

मी तसाच मागं फिरलो. भाऊजी दारातूनच म्हने, ती झोपली. भरदुपारी?

विमानं पाहाले पुढं बंगळुरूले गेलेले दोस्त माही वाट पाहून राह्यले, पन मी ताईले सोडून जात नाही. माह्या एकट्यानं काही होत नाही, आई. फोन तू स्पीकरवर घेते अन् निम्मं केनवड गाव आयकते, म्हनून गावी निघालेल्या लखीरामकाकाच्या हाती डबा धाडतो. रिकामा नको म्हनून हे पत्र त्यात ठेवलं.

बाबाले घेऊन लगेच निघ.

तुहा हरीओम